अंगठ्याएवढी बँक

ठाणे जिल्ह्यातल्या किन्हवलीच्या बाजारात पाड्यावरून आलेली एखादी आजी काउंटरसमोर उभी राहते. कुठल्या बँकेत खातं आहे ते सांगते, आधार क्रमांक देते आणि छोट्याशा यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवते. काही सेकंदांत पावती निघते आणि पाचशेच्या दोन नोटा हातात पडतात. पासबुक नाही, कार्ड नाही, सही नाही. खातं पार दुसऱ्या बँकेत, दुसऱ्या तालुक्यात असलं तरी चालतं! गावात कुणी याला मिनी बँक म्हणतं, कुणी नुसतंच ‘अंगठ्यावर पैसे’. बँकेच्या कागदोपत्री मात्र नाव आहे किऑस्क.

त्या काही सेकंदांत काय काय घडतं? अंगठ्याचा ठसा यंत्राच्या आतच कुलूपबंद होतो. काउंटरवरच्या माणसालाही तो दिसत नाही. मग तो निघतो किऑस्कच्या बँकेकडे, तिथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, तिथून आधारच्या यंत्रणेकडे. तिला विचारायचं एवढंच, हा अंगठा या क्रमांकाच्या माणसाचा आहे का? उत्तरही तेवढंच, हो किंवा नाही. ‘हो’ आलं की निरोप आजीच्या बँकेत पोचतो, शिल्लक पाहिली जाते, हजार रुपये वजा होतात आणि होकार उलट्या वाटेने किन्हवलीत परततो. एवढी सगळी फेरी होईस्तोवर आजीने अंगठा पदराला पुसलेला असतो, बस्स!

आणि अंगठा ओळखायचा तरी कसा? माहुली गडाच्या वाटेवरून खाली भाताची खाचरं पाहिलीत तर बांध कुठे मध्येच संपतो, कुठे एकाचे दोन होतात. अंगठ्यावरच्या रेषांचंही तसंच, आणि यंत्र मुख्यतः अशाच जागा हेरतं. या रेषा आईच्या पोटात, सहावा महिना संपायच्या आत उमटलेल्या असतात. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्याही वेगळ्या! ज्या माणसाला कालपर्यंत अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं, त्याच्या अंगठ्यावर इतकं बारीक लिखाण होतं, आणि ते वाचायला आपल्याला एवढा काळ लागला.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. आजीला मिळालेल्या नोटा तिच्या बँकेच्या नव्हेतच. त्या किऑस्क चालवणाऱ्याच्या गल्ल्यातल्या, त्याच्या स्वतःच्या! त्याने रोख दिली आणि तेवढीच रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली. म्हणजे गर्दीच्या दिवशी संध्याकाळी त्याचं खातं भरलेलं आणि गल्ला रिकामा. तेवढ्यात शेजारचा किराणावाला दिवसाची विक्री भरायला आला, तर त्याच नोटा उद्या दुसऱ्या आजीला. रिझर्व्ह बँकेने 2006 च्या जानेवारीत बँकांना असे प्रतिनिधी नेमायची मुभा दिली आणि ही गंमत शक्य झाली.

‘किऑस्क’ या शब्दाचा प्रवास तर पार उलटा. फारसीतला ‘कुश्क’ म्हणजे महाल, मंडप. इस्तंबूलला 1472 साली सुलतान दुसऱ्या मेहमदसाठी निळ्या फरशांनी मढवलेला किऑस्क उभा राहिला, तो अजून आहे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, चंदेरीला, पंधराव्या शतकातला कोशक महाल आहे. तो याच शब्दाचा भाऊबंद. मंडप युरोपातल्या बागांमध्ये गेला, तिथे बँडवाले त्यात बसू लागले. मग पॅरिसच्या पदपथावर वर्तमानपत्रं विकणाऱ्या टपरीला तेच नाव मिळालं. आपल्याकडच्या राजवाड्यांच्या माथ्यावरच्या छत्र्यांनाही इंग्रजी ग्रंथ किऑस्कच म्हणतात. आणि लोकलच्या स्टेशनांवर बोटाने तिकीट काढायचं ते यंत्र? तोही किऑस्क, आणि त्याच्या आसपास तर भिंतच नाही! सुलतानाच्या मंडपातून रस्त्यावर उतरताना त्याचे खांब गेले, छप्पर गेलं. उरला तो समोरून खुला असण्याचा गुण: पायरी चढायची नाही, दार ठोठावायचं नाही, उभ्या उभ्या काम उरकायचं.

खेड्यात संगणकाचा किऑस्क आणण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा परिसरात सुमारे सत्तर गावांमध्ये संगणक बसवले गेले. ऊस किती गेला, वजन किती भरलं, हे शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटा न घालता गावात कळू लागलं. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं, की एवढासा आकडा पोचवायला अख्खा संगणक कशाला? त्यांनी काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं.

किन्हवलीच्या काउंटरवर मात्र एक अडचण आहे, आणि ती मला बोचते. ‘बोटं उठत नाहीत’ हे वाक्य तिथे फार ऐकू येतं. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी बाया-माणसांच्या बोटांवरच्या रेषा माती आणि विटा हाताळून झिजतात. ज्यांना पैशांची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच यंत्र ‘नाही’ म्हणतं. दहाही बोटं एकेक करून लावून पाहावी लागतात. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे. अंगठ्याशेजारी तेही यंत्र प्रत्येक काउंटरवर हवं, आणि पाड्यांजवळच्या काउंटरवर सगळ्यात आधी.