जुन्या ट्रॅक्टरासाठीं जुने टायर

आमच्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत, आणि ज्यांच्या दारांत ट्रॅक्टर उभा आहे त्यांपैकीं फार थोड्यांच्या दारांत तो नवा आहे. वीसपंचवीस वर्षें राबूनहि एंजिन शाबूत असतें. परंतु मागचे दोन टायर गुळगुळीत होतात, आणि नव्या जोडीची किंमत ऐकून घरधनी मान खालीं घालतो. मग कोणीतरी सांगतो कीं बाजारांत जुने मिळतात. ते कसे पारखावे व कोणत्या कामास लावावे, याविषयीं येथें थोडें लिहावयाचें आहे.

ट्रॅक्टरास रबरी टायर असणें ही फार प्राचीन गोष्ट नव्हे. आरंभीं चाकें लोखंडी असत व त्यांवर लोखंडी दांते असत. अमेरिकेंतील ॲलिस-चामर्स कंपनीनें १९३२ सालीं हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर पुढें आणला, तेव्हां रबर मातींत पकड घेईल यावर शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांची शंका घालविण्यासाठीं कंपनीस ट्रॅक्टरांच्या शर्यती भरवाव्या लागल्या!

टायराचें खरें बळ रबरांत नसून आंत दडलेल्या दोऱ्यांच्या थरांत असतें. रबर हें त्या दोऱ्यांचें पांघरूण होय. वरचे दांते झिजले तर पकड कमी होते इतकेंच. पण दोरे तुटले म्हणजे टायर त्या जागीं फुगतो आणि केव्हां फुटेल याचा नेम राहत नाहीं.

हें मला महागांत पडून कळलें. सात वर्षांपूर्वीं माझ्या वडील बंधूंनीं तालुक्याच्या गांवीं एक जुनी जोडी घेतली. दांते बोटभर उंच, बाजू काळ्या कुळकुळीत. मी बरोबर होतों, व सौदा चांगला झाला असें मीच म्हणालों. पहिल्याच हंगामांत उसाची ट्रॉली ओढतांना ओढ्याच्या उतारावर डावा टायर फुटला. पुतण्या चालवीत होता. ट्रॅक्टर बांधाला जाऊन टेकला म्हणून मुलगा वांचला. टायर उतरविला तेव्हां आंत वीतभर लांबीचा गेटर चिकटविलेला आढळला, आणि बाजूंचा तो काळेपणा रंगाचा होता. मी विज्ञान शिकवितों. तरी टायराच्या पोटांत डोकावण्याचें मला सुचलें नाहीं.

तेव्हां टायर रिमवर चढविलेला असेल तर तो उतरवून मागावा, व विजेरी घेऊन आंतील बाजू हातानें चांचपावी. गेटर, उघडे दोरे, फुगवटा, किंवा कडेच्या तारेच्या कड्यास इजा, यांपैकीं कांहींहि दिसल्यास किंमत विचारूंच नये.

रबर केवळ वापरानें झिजतें असें नाहीं. उभें राहूनहि तें म्हातारें होतें. हवेंतील ओझोन वायु रबराच्या रेणूंतील दुहेरी बंध तोडतो, आणि जेथें ताण असतो तेथें चिरा पडतात. त्यास अटकाव व्हावा म्हणून कारखान्यांत रबरांत मेण मिसळतात. टायर फिरतांना लवतो तेव्हां तें पृष्ठभागावर येत राहतें. म्हणूनच वर्षानुवर्षें उन्हांत उभ्या असलेल्या ट्रॅक्टराचे टायर दांते उंच असूनहि चिरलेले असतात. केसासारख्या बारीक चिरा शेतांतील मंद कामास चालतील. आंतले दोरे दिसूं लागलेली चीर चालणार नाहीं. टायराचें वय पुष्कळदां बाजूवरील चार अंकांत सांपडतें. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा.

माप रिमप्रमाणें घ्यावें. १२.४-२८ यांत पहिला आंकडा रुंदीचा व दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. शिवाय दोन्ही टायरांचा घेर दोरीनें मोजावा. एक लहान व एक मोठा असला तर ट्रॅक्टर एका अंगास ओढतो आणि डिफरन्शियलला विसावा मिळत नाहीं. बसवितांना दांत्यांचें मधलें टोक आधीं जमिनीला लागेल असें पाहावें, म्हणजे चिखल कडेला रेटला जातो.

झिजलेला टायर सर्वत्र वाईट नसतो. कोरड्या कठीण जमिनीवर तो बरें काम देतो. ओल्या रानांत मात्र घसरतो. किती घसरतो हें काढणें सोपें आहे. चाकावर खडूची खूण करावी व नांगर वर उचलून दहा फेऱ्यांचें अंतर मोजावें. समजा तें ४० मीटर भरलें. मग नांगर जमिनींत घालून पुन्हां दहा फेऱ्या मोजाव्या. आतां ३४ मीटर भरलें, तर शंभरांत १५ घसरण झाली. याहून फार वाढली कीं डिझेल मातींत गेलें म्हणावें. अशा वेळीं ट्यूबमध्यें तीनचतुर्थांशापर्यंत पाणी भरतात. १२.४-२८ च्या एका टायरांत तें सुमारें दीडशे लिटर मावतें, आणि वजनानें पकड सुधारते.

एक गोष्ट जिवाची आहे. टायर चढलेला असतां रिमला कधींहि वेल्डिंग करूं नये. हवा सोडलेली असली तरी आंतील वाफ पेट घेऊन टायर बाँबसारखा फुटतो. तसेंच कड बसत नाहीं म्हणून ३५ पौंडांपलीकडे हवा भरूं नये, आणि भरतांना टायरासमोर उभें राहूं नये.

बंधूंनीं नंतर दुसरी जुनी जोडी घेतली, यावेळीं आंतून पाहून. तिच्यांत पाणी आहे, ती नांगरते, पेरते. ऊस मात्र ते आतां भाड्याच्या ट्रॅक्टरानें कारखान्यास पाठवितात.