शुगर, बीपी आणि टर्म विमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगाव (श्यामजी पंत) आणि आष्टी तालुक्याच्या परिसरात बरीच घरे एकाच कमावत्या माणसावर उभी आहेत. कोणाची संत्र्याची बाग, कोणाचे कापसाचे शेत, कोणाचे महामार्गालगतचे दुकान. चाळिशीनंतर या कमावत्याला शुगर किंवा बीपी निघते आणि घरात एक वाक्य ऐकू येते : ‘आता आपल्याला विमा कोण देणार?’ मग काहीजण अर्जच करत नाहीत, तर काहीजण आजार लपवून अर्ज करतात. दोन्ही वाटांनी नुकसान मागे राहिलेल्यांचेच होते.

टर्म विमा म्हणजे निव्वळ जीवनाचे संरक्षण. मुदतीत मृत्यू झाला तर वारसांना ठरलेली रक्कम मिळते. साध्या टर्म विम्यात मुदत संपली की काही परत मिळत नाही, म्हणूनच कमी हप्त्यात मोठे संरक्षण मिळते.

गैरसमज १ : आजार असला की टर्म विमा मिळतच नाही.

वस्तुस्थिती : अर्जावर कंपनी चारपैकी एक निर्णय घेते : नेहमीच्या हप्त्यात स्वीकार, जादा हप्त्यात स्वीकार, काही महिने थांबायला सांगणे किंवा नकार. मधुमेह किती वर्षांचा आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) किती आहे, मूत्रपिंड, डोळे आणि हृदय ठीक आहेत का, हे पाहिले जाते. गोळ्यांनी आटोक्यात असलेल्या बीपीला किंवा शुगरला अनेकदा जादा हप्ता लावून विमा दिला जातो. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा डायलिसिस सुरू असेल, तर मात्र थांबावे लागते किंवा नकार येतो. प्रत्येक कंपनीचे निकष वेगळे असतात. एकीने नाकारले तरी दुसरीकडे अर्ज करता येतो. फक्त पूर्वीचा नकार विचारला तर तोही खरा सांगावा लागतो.

गैरसमज २ : आजार लपवला तर कोणाला कळणार?

वस्तुस्थिती : पॉलिसी घेतल्यावर थोड्याच काळात मृत्यू झाला, तर कंपनी चौकशी करते. दवाखान्याची फाइल, रक्ततपासणीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड हे सगळे तपासले जाते. बजाज अलायन्झ लाइफच्या एका प्रकरणात विमेदाराचा मृत्यू अर्ज केल्यापासून दीड महिन्याच्या आत झाला. त्याआधीचा गंभीर आजार त्याने अर्जात नाकारला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

याउलट, ऑक्टोबर २०१५ मध्ये एलआयसीविरुद्धच्या एका प्रकरणात हेच न्यायालय वारसांच्या बाजूने उभे राहिले. तिथे लपवलेला आजार कंबरेच्या मणक्याचा होता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. पण तो निकाल मिळवायला वारसांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

गैरसमज ३ : तीन वर्षे गेली की लपवलेलेही पचते.

वस्तुस्थिती : विमा कायदा, १९३८ चे कलम ४५ हे २०१५ च्या दुरुस्तीनंतर असे सांगते की, तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने हरकत घेता येत नाही. पण ही तरतूद प्रामाणिक कुटुंबाचा उगाच छळ होऊ नये म्हणून आहे, लपवणाऱ्याला सूट म्हणून नव्हे. त्या तीन वर्षांत लबाडी सिद्ध झाली तर भरलेले हप्तेही परत करण्याचे बंधन कंपनीवर नसते. शिवाय बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली, तर ही तीन वर्षे तिथून नव्याने मोजली जातात.

गैरसमज ४ : अर्ज एजंटने भरला, जबाबदारी त्याची.

वस्तुस्थिती : सही तुमची, म्हणून उत्तरेही तुमचीच. न वाचता सही केली, हे कारण चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पॉलिसीसोबत अर्जाची प्रत येते. आजारांच्या रकान्यात सरसकट ‘नाही’ लिहिलेले दिसले, तर लगेच कंपनीला लेखी कळवा. अटी पटल्या नाहीत तर ३० दिवसांत पॉलिसी परतही करता येते.

गैरसमज ५ : जुन्या आजाराने मृत्यू झाला तर आधी काही वर्षे पैसे मिळत नाहीत.

वस्तुस्थिती : जुन्या आजारासाठी थांबण्याची अट आरोग्य विम्याची आहे, तिची कमाल मर्यादा २०२४ पासून तीन वर्षे आहे. टर्म विम्यात आजार सांगून पॉलिसी मंजूर झाली, की त्याच आजाराने झालेला मृत्यूही संरक्षणात येतो. पॉलिसीत वेगळी अट लिहिली आहे का, एवढे मात्र वाचून घ्या.

गैरसमज ६ : खर्रा म्हणजे काही सिगारेट नव्हे.

वस्तुस्थिती : अर्जात तंबाखूचे कोणतेही सेवन विचारतात आणि खर्र्यात तंबाखू असते. लघवीच्या तपासणीत निकोटीनची खूण सापडते. सिकलसेलबाबतही नेमके लिहा. विदर्भात सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांच्या प्रकृतीत फार मोठा फरक असतो. त्यामुळे अर्जाला तपासणीचा अहवाल जोडा.

गैरसमज ७ : कंपनीने नाकारले म्हणजे सगळे मार्ग बंद.

वस्तुस्थिती : प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना हाही टर्म विमाच आहे. वर्षाला ४३६ रुपये, संरक्षण दोन लाखांचे, वैद्यकीय तपासणी नाही. १८ ते ५० वयात बँक किंवा पोस्टातल्या खात्यावरून नाव नोंदवता येते आणि संरक्षण ५५ पर्यंत चालते. पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूला भरपाई मिळते. वर्षाला वीस रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वेगळी. ती केवळ अपघातासाठी आहे, हृदयविकाराच्या मृत्यूला ती उपयोगी पडत नाही.

दावा चुकीने नाकारला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

वाढीव हप्ता जड वाटेल, तर विम्याची रक्कम थोडी कमी करा. पण आजार लपवू नका. सेवाग्रामच्या रुग्णालयाचे असोत की गावातल्या डॉक्टरांचे, सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा, अर्ज स्वतः वाचा आणि पॉलिसी कुठे ठेवली आहे ते घरात सांगून ठेवा. दावा मांडायला तुम्ही नसाल. त्या दिवशी तुमच्या घरच्यांच्या बाजूने तुम्ही लिहिलेली खरी उत्तरेच बोलतील.