पीसी की कन्सोल? गेमिंगसाठी पैसे नेमके कशात घालावेत?

बारावीचा निकाल लागतो, कॉलेजचा प्रवेश पक्का होतो आणि घरात एक विषय हमखास निघतो. 'मला कॉम्प्युटर हवाय.' कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, 'अभ्यासासाठी.' तो अभ्यास कोणता, हे आई-बाबांना साधारण ठाऊक असतंच. मग कोणीतरी सुचवतं, 'गेमच खेळायचे तर प्लेस्टेशन घे, निम्म्या पैशांत काम होईल.' आणि वाद सुरू होतो.

हा वाद इंटरनेटवर वर्षानुवर्षं चालू आहे. पण तिथे तो बहुतेक वेळा 'कोण भारी' या अंगाने होतो. ज्या घरात पन्नास-साठ हजार रुपये एकदाच खर्च होणार आहेत आणि पुढची पाच वर्षं तेच यंत्र वापरायचं आहे, तिथे प्रश्न वेगळा असतो. कोणाचं ग्राफिक्स चांगलं यापेक्षा खर्च कधी, किती आणि कशावर होणार, हे तिथे महत्त्वाचं ठरतं.

दोन्हींत मूळ फरक काय?

आतून पाहिलं तर कन्सोल हाही एक कॉम्प्युटरच आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडी कंपनीचा आठ कोअरचा प्रोसेसर, त्याच कंपनीची ग्राफिक्स चिप, १६ जीबी मेमरी आणि ८२५ जीबीचा एसएसडी आहे (नंतरच्या मॉडेलमध्ये १ टीबी). मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्येही एएमडीचेच भाग आहेत.

फरक आहे तो मोकळिकीचा. कन्सोल म्हणजे तयार फ्लॅट. चावी घ्या आणि राहायला जा, पण भिंत पाडता येणार नाही. पीसी म्हणजे प्लॉट घेऊन बांधलेलं घर. खर्च जास्त, डोकेदुखी जास्त, पण उद्या वर मजला चढवता येतो.

कन्सोल स्वस्त का असतो?

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्क चालणाऱ्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती आणि डिजिटल मॉडेलची ३९,९९०. २०२२ च्या अखेरीस या किमती प्रत्येकी पाच हजारांनी वाढल्या. तेवढ्याच ताकदीचा पीसी जुळवायचा तर एकट्या मधल्या फळीतल्या ग्राफिक्स कार्डालाच साधारण ३० हजार रुपये लागतात. त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट धरलं की आकडा सहज ७०-८० हजारांवर जातो. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस वेगळे. कन्सोल मात्र घरातल्या टीव्हीला जोडता येतो.

याचं कारण कंपन्यांच्या धंद्याच्या पद्धतीत आहे. कन्सोल विकून फारसा नफा मिळावा अशी अपेक्षाच नसते. एपिक आणि ॲपल यांच्यातल्या खटल्यात २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली होती की एक्सबॉक्सचं यंत्र कंपनीने कधीच नफ्यात विकलेलं नाही. कमाई होते ती नंतर. विकल्या जाणाऱ्या गेममागे साधारण ३० टक्के वाटा, ऑनलाइन खेळण्यासाठीची वर्गणी आणि गेमच्या आत होणारी खरेदी, हे तिचे मार्ग.

म्हणजे कन्सोल घेतल्या दिवशी स्वस्त असतो. पाच वर्षांनंतर तो स्वस्तच राहील असं नाही.

पाच वर्षांचा हिशोब

प्लेस्टेशन ५ वरच्या मोठ्या नव्या गेमची किंमत भारतात बहुतेक वेळा ४,९९९ रुपये असते. वर्षाला फक्त तीन नवे गेम घेतले तरी पाच वर्षांत पंधरा होतात आणि खर्च जवळपास ७५ हजारांवर जातो. गेमचं बिल यंत्राच्या किमतीपेक्षा मोठं होतं. शिवाय विकत घेतलेला गेम मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचा तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ती लागत नाही.

पीसीवर ऑनलाइन खेळण्यासाठी अशी वर्गणी नसते. मोठे नवे गेम तिथेही महागच असतात, पण थांबायची तयारी असेल तर भाव बराच उतरतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या स्टीम या दुकानात वर्षातून अनेकदा सेल लागतो आणि दोन-तीन वर्षं जुने गेम निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर गेम परत करून पैसेही मिळतात. एपिकचं दुकान ठरावीक गेम फुकट वाटतं. मे २०२० मध्ये त्याने जीटीए ५ असाच वाटला होता.

कन्सोलकडेही एक हुकमाचा पत्ता आहे, तो म्हणजे डिस्क. गेम खेळून झाला की डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते किंवा जुनी विकत घेता येते. अनेक शहरांत गेमच्या दुकानांचा बराचसा धंदा यावरच चालतो. म्हणूनच 'दहा हजार कमी' म्हणून डिजिटल मॉडेल घेताना दोनदा विचार करायला हवा. जुन्या डिस्कमागे दोन हजार रुपये वाचत असतील, तर पाच गेममध्येच तो फरक भरून निघतो. डिजिटल मॉडेलवर ही सोय नाही. सोनी ठरवेल तो भाव.

पीसीचे भाव स्थिर का राहत नाहीत?

पीसीचे सुटे भाग गेमर्सशिवाय इतरांनाही हवे असतात, ही त्याची अडचण आहे. २०२०-२१ मध्ये क्रिप्टो चलन 'खणण्यासाठी' ग्राफिक्स कार्डं ढिगाने उचलली गेली आणि भाव दुप्पट झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, त्या कामासाठी कार्डांची गरज संपली आणि बाजार थंड झाला. २०२५ च्या अखेरीस पाळी आली रॅमची. एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि घरगुती वापराची रॅम महागली.

त्यामुळे 'मागच्या वर्षी मित्राने इतक्यात बांधला' हा आधार पीसीच्या बाबतीत धरू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन, त्या आठवड्याचा भाव काढूनच बजेट ठरवावं. जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना ते खाणकामात राबलेलं तर नाही ना, हेही पाहावं. कार्डावरची वॉरंटी शिल्लक असेल तर उत्तम.

ताकद कमी, तरी कन्सोल मागे का पडत नाही?

गेम बनवणाऱ्याला कन्सोलवर नेमकं काय आहे ते माहीत असतं. लाखो प्लेस्टेशन, पण आत हुबेहूब तेच भाग. त्यामुळे गेम त्या यंत्राच्या मापाने शिवता येतो. पीसीवर प्रोसेसर, कार्ड आणि ड्रायव्हर यांच्या हजारो जोड्या असतात. सगळ्यांवर चाचणी घेणं शक्य नसतं.

याचा एक परिणाम पीसीवर सतत दिसतो. दृश्यातला प्रकाश, सावली, पाण्याची चमक वगैरे काढण्यासाठी 'शेडर' नावाचे छोटे प्रोग्रॅम लागतात. ते प्रत्येक कार्डासाठी वेगळे तयार करावे लागतात. कन्सोलवर ते आधीच तयार करून देता येतात, पीसीवर ते तुमच्या यंत्रावरच तयार होतात. हे काम खेळ चालू असताना झालं तर चित्र मध्येच अडखळतं. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला तेव्हा खेळायच्या आधी शेडर तयार होण्याची लांबलचक वाट आणि वारंवार बंद पडणं, यावरून मोठी ओरड झाली होती.

कन्सोलवर सगळं आलबेलच असतं असंही नाही. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने तो काही दिवसांत आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. यंत्राचं वय झालं की कन्सोलवर पर्याय उरत नाही. पीसीवर कार्ड बदलता येतं किंवा ग्राफिक्सची पातळी खाली आणून वेळ निभावता येते.

कोणते गेम कुठे?

अनेकांचा निर्णय इथेच होतो आणि ते योग्यच आहे. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ फक्त पीसीवर चालतात आणि दोन्ही फुकट आहेत. व्हॅलोरंटही मूळचा पीसीचाच. नेमबाजीच्या खेळात माउसने साधणारी अचूकता कंट्रोलरने साधत नाही. स्पर्धांमध्ये उतरायचं असेल तर पीसीला पर्याय नाही.

फुटबॉल, कुस्ती, गाड्यांच्या शर्यती, सोफ्यावर बसून दोघांनी खेळायचे खेळ यांत कन्सोलची मजा वेगळी. कथा असलेले मोठे गेमही कन्सोलवर अनेकदा आधी येतात. गॉड ऑफ वॉर प्लेस्टेशनवर २०१८ मध्ये आला आणि पीसीवर २०२२ मध्ये. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. जीटीए ६ साठी रॉकस्टारने प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलची नावं जाहीर केली, त्या घोषणेत पीसी नव्हता. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम मात्र एक्सबॉक्स आणि पीसीवर एकाच दिवशी येतात. त्यामुळे पीसी असलेल्या घरात एक्सबॉक्स घ्यायला फारसं कारण उरत नाही.

निन्टेन्डो स्विचचं काय? निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही. दुकानात दिसतो तो बाहेरून आणलेला माल. बिघडला तर कंपनीची वॉरंटी इथे मिळेल असं धरून चालू नये.

विकत घेतलेला गेम खरंच आपला असतो का?

दोन्हीकडे उत्तर बरंचसं 'नाही' असंच आहे. डिजिटल गेम घेतो तेव्हा खेळायचा परवाना मिळतो, मालकी नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याआधी तसं स्पष्ट सांगतं. डिस्क असली तरी खात्री नसते. युबिसॉफ्टने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि डिस्क हातात असलेल्यांनाही तो खेळता येईना.

जुने गेम टिकवण्यात मात्र पीसी पुढे आहे. वीस वर्षांपूर्वीचे अनेक गेम आजच्या पीसीवरही चालतात. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, पण प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालत नाही.

वीज, यूपीएस आणि रोजची कटकट

मोठा गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॅट वीज घेतो. म्हणजे पाच तासांना एक युनिट. मधल्या फळीतला गेमिंग पीसी ३००-४०० वॅटपर्यंत जातो. त्याच वेळात दीड ते दोन युनिट.

जिथे वीज वारंवार जाते तिथे पीसीसोबत यूपीएस लागतोच. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, तेव्हा तो गेमिंग पीसीला अपुरा पडू शकतो. हा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा.

मग 'अभ्यासासाठी' या शब्दाचं काय?

इथे पीसीचं पारडं जड होतं. कन्सोलवर प्रोजेक्ट टाइप होत नाही, कोडिंग शिकता येत नाही, व्हिडिओ एडिट करता येत नाही. ज्याला पुढे गेम बनवायचे आहेत त्याला तर पीसीच लागतो, कारण कन्सोलवरचे गेमही पीसीवरच तयार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर आला. तो ज्या अनरियल इंजिनवर बनला, ते शिकण्यासाठी आज कोणालाही फुकट उतरवून घेता येतं. थ्रीडी कामासाठीचं ब्लेंडरही फुकटच.

मात्र हाच मुद्दा उलटाही लागू होतो. घरात आधीच चालू लॅपटॉप असेल, तर अभ्यासाचं कारण पुढे करून लाखाचा पीसी घेण्यात अर्थ नाही. लॅपटॉपवर अभ्यास आणि टीव्हीवर कन्सोल ही जोडी अनेक घरांना स्वस्त पडते.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

घरात एकही कॉम्प्युटर नसेल आणि एकच यंत्र घ्यायचं असेल, तर पीसी. बजेट कमी असेल तर सुरुवातीला ग्राफिक्स कार्ड न घेता, ज्यात ग्राफिक्स अंगभूत आहे असा प्रोसेसर घ्यावा. व्हॅलोरंटसारखे हलके गेम त्यावर चालतात. कार्ड पुढच्या वर्षी बसवता येतं. फक्त पॉवर सप्लाय पहिल्यापासून चांगला घ्यावा.

लॅपटॉप आणि बरा टीव्ही असेल आणि शनिवार-रविवारी निवांत खेळायचं असेल, तर कन्सोल. शक्यतो डिस्कवाला, अधिकृत दुकानातून, वॉरंटीच्या बिलासकट.

आणि मित्रमंडळी कुठे खेळतात, हे विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. अनेक गेममध्ये पीसीवाले आणि कन्सोलवाले अजूनही एकत्र खेळू शकत नाहीत. सगळी गँग एकीकडे आणि आपण महागडं यंत्र घेऊन दुसरीकडे, असं झालं तर ते दोन महिन्यांत विकायला निघतं, तेही निम्म्या किमतीत.