संगणकाची नोंदवही नष्ट झाली तर काय करावे?

बीदर जिल्ह्यातील निर्णा आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांस नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. शेतात तूर उभी असते, बांध जागच्या जागी असतो, विहिरीला पाणी असते; परंतु पहाणीत नाव नसेल तर सोसायटीचे कर्ज अडते, खरेदीखत अडते आणि वारसाची नोंद होत नाही. या भागातील जमिनीचे दप्तर निजामाच्या राजवटीत उर्दूत लिहिले जात असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. पुढे २००० च्या सुमारास कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ योजनेखाली राज्यातील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर आणण्यात आल्या. राजवट बदलली, लिपी बदलली, कागदाच्या जागी संगणक आला. जमीन मात्र होती तेथेच राहिली. जमीन आणि जमिनीची नोंद या दोन भिन्न वस्तू आहेत, ही गोष्ट ग्रामीण वाचकांस अनुभवाने ठाऊक आहे.

हाच भेद संगणकाच्या बाबतीतही लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. शाळेतील, ग्रामपंचायतीतील अथवा सहकारी संस्थेतील संगणकात जी सॉफ्टवेअरे बसविलेली असतात, त्यांची एक नोंदवही संगणक स्वतःच ठेवीत असतो. ही नोंदवही चुकून पुसली गेली की पुष्कळ ठिकाणी घाबरून संपूर्ण संगणक कोरा करण्यात येतो आणि सर्व काही नव्याने बसविले जाते. त्या घाईत विद्यार्थ्यांचे काम, परीक्षेचे निकाल, संस्थेचे हिशेब हे सारे नाहीसे होण्याचा धोका असतो. वस्तुतः बहुतेक वेळा तसे करण्याचे कारण नसते. नोंदवही गेली तरी सॉफ्टवेअर जागेवरच असते आणि नोंदवही पुन्हा उभी करता येते. ती कशी, याची माहिती या लेखात देण्याचा उद्देश आहे.

नोंदवही कोठे असते?

उदाहरणादाखल लिनक्स या मुक्त प्रणालीचा विचार करू. १९९३ मध्ये सुरू झालेली डेबियन, तिच्यावर आधारलेली उबुंटू, आणि सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ या सर्वांची नोंद ठेवण्याची पद्धत एकच आहे. यांत प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ या स्वरूपात येते आणि ‘डीपीकेजी’ नावाची आज्ञावली त्याची नोंद करते.

‘व्हार’ या फोल्डरमध्ये ‘लिब’, आणि त्यात ‘डीपीकेजी’ असे एक फोल्डर असते. त्यातील ‘स्टेटस’ नावाची फाइल ही मुख्य नोंदवही होय. पॅकेजचे नाव, त्याची आवृत्ती, ते पूर्णपणे बसले आहे किंवा नाही, आणि त्याला अन्य कोणत्या पॅकेजांची आवश्यकता आहे, हे सर्व तीत साध्या अक्षरांत लिहिलेले असते. मेजावरील सामान्य संगणकातही अशी हजाराहून अधिक पॅकेजे असू शकतात. याच ठिकाणी ‘इन्फो’ नावाचे दुसरे फोल्डर असते. कोणत्या पॅकेजने कोणत्या फाइली कोठे ठेवल्या, याच्या याद्या त्यात असतात. शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीशी याची तुलना करता येईल. ‘स्टेटस’ म्हणजे वस्तूंची यादी, आणि ‘इन्फो’ म्हणजे कोणती वस्तू कोणत्या खोलीत व कोणत्या कपाटात आहे याची टाचणे.

चूक कशी घडते?

अशी चूक बहुधा जागा मोकळी करण्याच्या प्रयत्नात घडते. संगणकाची डिस्क भरते, ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो, आणि प्रशासकाचे अधिकार हाती असलेली व्यक्ती ‘व्हार’ फोल्डरमधील जुन्या वाटणाऱ्या फाइली काढू लागते. येथे नावांचे साम्य घातक ठरते. ‘लिब’मध्येच ‘एपीटी’ नावाचे फोल्डर असते व त्यात ‘लिस्ट्स’ असते. त्या याद्या इंटरनेटवरून पुन्हा आणता येतात. त्या काढल्या तरी हानी नाही. शेजारचे ‘डीपीकेजी’ मात्र इंटरनेटवर कोठेही मिळत नाही, कारण ते त्या एका संगणकाचेच दप्तर असते.

जागाच हवी असेल तर ‘एपीटी-गेट क्लीन’ ही आज्ञा द्यावी. पूर्वी उतरवून घेतलेली व आता गरज नसलेली पॅकेजे तिने निघून जातात आणि नोंदवहीस धक्का लागत नाही.

परिणाम काय होतो?

नोंदवही गेल्यानंतरही संगणक चालतो. लेखनाची आज्ञावली उघडते, छपाई होते, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी तो सहसा सुरू होतो. विद्यार्थ्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फाइली ‘होम’ या निराळ्या फोल्डरमध्ये असल्याने त्यांना काहीही होत नाही. अडते ते एवढेच की, नवे सॉफ्टवेअर बसत नाही, जुने काढता येत नाही आणि सुरक्षाविषयक सुधारणा येणे थांबते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. वरकरणी सुरळीत चालणारा संगणक दिवसेंदिवस असुरक्षित होत जातो आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रथम काय टाळावे?

चूक लक्षात येताच हात थांबवावा. पुढील तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

(१) नवीन सॉफ्टवेअर बसविण्याचा प्रयत्न करू नये. ‘स्टेटस’ फाइलीशेजारीच ‘स्टेटस-ओल्ड’ नावाची, आधीच्या बदलापूर्वीची प्रत असते. नोंदवहीत नवा बदल झाला की ही प्रतही बदलते. म्हणजे घाईने केलेला एक प्रयत्न हाताशी असलेला उत्तम पुरावाच पुसून टाकू शकतो.

(२) ‘फाइल सापडत नाही’ हा संदेश घालविण्यासाठी त्याच नावाची कोरी फाइल ठेवून काम चालू ठेवू नये. कोरी नोंदवही पाहून संगणक असे समजतो की आपणांत काहीच बसविलेले नाही. मग एखादे लहानसे सॉफ्टवेअर मागितले तरी त्याच्या आधाराची सर्व पॅकेजे तो नव्याने आणू पाहतो.

(३) शेजारच्या संगणकाची नोंदवही विचार न करता आणून ठेवू नये. प्रयोगशाळेतील सर्व संगणक एकाच संचावरून तयार केले असतील व त्यांत पुढे सारखेच बदल झाले असतील, तर तिचा आधार घेता येतो. एरवी शेजाऱ्याची पहाणी आपल्या शेतास लावण्यासारखा तो प्रकार होतो. नोंद असते, पण ती खोटी असते.

पुनःस्थापनेचा क्रम

कामास हात घालण्यापूर्वी ‘होम’, ‘ईटीसी’ आणि ‘व्हार’ या तीन फोल्डरांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ‘होम’मध्ये लोकांचे काम असते, ‘ईटीसी’मध्ये संगणकाची मांडणी असते, आणि ‘व्हार’मध्ये पुढील शोधाचे पुरावे असतात.

पहिला मार्ग : ‘स्टेटस-ओल्ड’ शिल्लक असून ती कोरी नसेल, तर तिची प्रत करून त्या प्रतीस ‘स्टेटस’ हे नाव द्यावे. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

दुसरा मार्ग : तीही गेली असेल तर ‘व्हार’मधील ‘बॅकअप्स’ फोल्डर पाहावे. डेबियन पद्धतीच्या प्रणाली या नोंदवहीची प्रत कोणी न सांगता दररोजच्या कामात तेथे ठेवीत असतात. ‘डीपीकेजी डॉट स्टेटस डॉट शून्य’ ही सर्वांत अलीकडची प्रत. त्यापुढील क्रमांकांच्या प्रती अधिक जुन्या व आकुंचित केलेल्या असतात. अलीकडची प्रत योग्य जागी ठेवावी. त्यानंतर ‘व्हार’मधील ‘लॉग’ फोल्डरात ‘डीपीकेजी’ची रोजनिशी पाहावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते पॅकेज बसविले अथवा काढले, याची ओळीओळीने नोंद तीत असते. प्रतीच्या तारखेनंतर जी पॅकेजे बसविली असतील तेवढी पुन्हा बसवावीत.

तिसरा मार्ग : संपूर्ण ‘डीपीकेजी’ फोल्डरच गेले असेल, तर ‘स्टेटस’ची प्रत परत ठेवूनही काम अपुरे राहते, कारण ‘इन्फो’मधील याद्या नसतात. पॅकेज आहे हे संगणकास कळते, परंतु त्याच्या फाइली कोणत्या हे कळत नाही, आणि तसा इशारा तो वारंवार देतो. अशा वेळी फोल्डर व त्यातील ‘इन्फो’, ‘अपडेट्स’, ‘ट्रिगर्स’, ‘ऑल्टर्नेटिव्ह्ज’ आदी उपफोल्डरे पुन्हा तयार करावीत, ‘स्टेटस’ ठेवावी आणि यादीतील प्रत्येक पॅकेज ‘री-इन्स्टॉल’ पद्धतीने पुन्हा बसवावे. त्याच फाइली त्याच जागी पुन्हा लिहिल्या जातात आणि यादी आपोआप तयार होते. मांडणीची जुनी फाइल ठेवावी की नवी, अशी विचारणा झाल्यास जुनी ठेवावी. या कामी पुष्कळ पॅकेजे उतरवून घ्यावी लागतात. खेड्यातील मंद इंटरनेटवर ते टप्प्याटप्प्याने करावे, अथवा मूळ प्रणालीच्या डीव्हीडीचा वा पेनड्राइव्हचा उपयोग करावा.

चौथा मार्ग : एकही प्रत शिल्लक नसेल तरी मार्ग पूर्णपणे बंद होत नाही. ‘यूएसआर’ फोल्डरात ‘शेअर’ व त्यात ‘डॉक’ असते. येथे जवळजवळ प्रत्येक पॅकेजचे त्याच्या नावाचे फोल्डर असते आणि त्यातील बदलांच्या टिपणावरून आवृत्तीही समजते. गावातील जुने दप्तर जळाले तरी बांधांचे दगड, शेजाऱ्यांची साक्ष व जुन्या पावत्या यांवरून हद्द ठरविता येते, तसाच हा प्रकार आहे. ही यादी, रोजनिशी आणि पूर्वी उतरवून ठेवलेली पॅकेजे यांचा मेळ घालून नोंदवही प्रारंभापासून उभी करावी लागते. हे काम मात्र जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे. ते फार वेळ घेईल असे दिसल्यास, ‘होम’ व ‘ईटीसी’च्या प्रती तपासून, मगच प्रणाली नव्याने बसविणे शहाणपणाचे ठरते.

कोणत्याही मार्गाने काम झाले तरी अखेरीस ‘डीपीकेजी ऑडिट’ व ‘एपीटी-गेट चेक’ या दोन आज्ञा द्याव्यात. पहिली अर्धवट बसलेली पॅकेजे दाखविते. दुसरी परस्परावलंबन जुळते किंवा कसे ते तपासते. लेखापरीक्षण झाल्याखेरीज हिशेब पुरा झाला असे आपण मानीत नाही. येथेही तोच नियम लागू आहे.

इतर प्रणालींबाबत

रेड हॅट व फेडोरा या लिनक्स प्रणालींत हीच नोंद ‘आरपीएम’ या आज्ञावलीच्या कोशात असते. तो कोश बिघडला असेल तर ‘रिबिल्ड-डीबी’ या आज्ञेने त्याची दुरुस्ती होऊ शकते. परंतु ती आज्ञा आहे त्या नोंदींची केवळ पुन्हा मांडणी करते. मूळ कोशच पुसला गेला असेल तर तो तिने परत येत नाही. तेथे प्रत असणे हाच खरा उपाय.

विंडोज प्रणालीत ‘विंडोज’ फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाचे झाकलेले फोल्डर असते. ते मोठे दिसते म्हणून जागेसाठी पुसले जाते. पुढे कित्येक महिन्यांनी एखादे सॉफ्टवेअर सुधारावयास वा काढावयास गेल्यावर चूक उघड होते. या फाइली प्रत्येक संगणकापुरत्या असतात. दुसऱ्या संगणकावरून त्या आणून चालत नाही. संबंधित सॉफ्टवेअरची दुरुस्ती करणे अथवा ते पुन्हा बसविणे, आणि ते न साधल्यास पूर्वी घेतलेली प्रत वापरणे, हेच उपाय उरतात.

दक्षता

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीस आग लागून अनेक विभागांच्या फायली नष्ट झाल्या. त्यानंतर अन्य कार्यालयांत असलेल्या प्रतींच्या आधारे फायली पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घ्यावे लागले. जेथे दुसरीकडे प्रत होती तेथेच ते काम सुकर होते. एकाच छपराखाली मूळ व प्रत दोन्ही ठेवणे म्हणजे प्रत न ठेवण्यासारखेच होय. संगणकाच्या ‘बॅकअप्स’ फोल्डरालाही हे लागू आहे. डिस्कच बिघडली तर नोंदवही व तिची प्रत दोन्ही जातात.

यास्तव शाळा, ग्रामपंचायती व संस्था यांनी पुढील नियम पाळावेत. दैनंदिन काम साध्या खात्यावरून करावे. प्रशासकाचे अधिकार एका जबाबदार व्यक्तीकडे असावेत. महिन्यातून एकदा ‘बॅकअप्स’ व ‘होम’ यांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. ‘डीपीकेजी’ला ‘गेट-सिलेक्शन्स’ असे सांगितल्यास ती पॅकेजांची यादी देते. ती यादी छापून जडवस्तू संग्रह नोंदवहीत लावून ठेवावी. ‘व्हार’ फोल्डरातील कोणतीही फाइल ती काय आहे हे कळल्याशिवाय पुसू नये. वर्षातून एकदा, सुटीच्या काळात, प्रतीवरून एखादी फाइल खरोखरच परत आणून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिचा भरवसा धरता येत नाही.

संगणक हे आता शाळेच्या फळ्याइतके व तलाठ्याच्या दप्तराइतकेच नित्याचे साधन झाले आहे. ते वापरताना चूक होणे अस्वाभाविक नाही. चूक झाल्यावर ती लपविण्याची धडपड केली तर मात्र हानी वाढते. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याच्या हातून असे घडले तर त्याने निःशंकपणे सांगावे असे वातावरण शिक्षकांनी ठेवावे, कारण ताबडतोब थांबलेला हात हाच या दुरुस्तीचा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय आहे.