प्रवाळाचा ठोकळा करडा का पडतो?

मोबाईलवर ठोकळे रचून घरे, किल्ले, बोगदे बांधण्याचा 'माइनक्राफ्ट' हा खेळ आपल्या वर्गातील काही मुले नक्कीच खेळत असतील. २०१८ साली या खेळाच्या समुद्रात प्रवाळ आले. निळे, गुलाबी, जांभळे, लाल आणि पिवळे, असे पाच प्रकारचे. पाण्याखाली काचेचे घर बांधायचे आणि त्याभोवती प्रवाळांची बाग लावायची, हा मुलांचा आवडता उद्योग. तो करताना एक नियम चटकन लक्षात येतो. प्रवाळाच्या ठोकळ्याला निदान एका बाजूने पाणी लागून नसेल, तर तो काही क्षणांत करडा पडतो. मग त्याला पुन्हा पाण्यात ठेवले तरी रंग परत येत नाही. म्हणून कोरड्या दालनाची भिंत प्रवाळाने सजवायची असेल, तर मुले भिंतीमागे पाणी दडवून ठेवतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसला, तरी हा नियम त्यांना ठाऊक असतो. शिक्षकांनी त्याचा फायदा घ्यावा. नियम अर्धाच खरा आहे, हे तर अधिकच चांगले.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. पाठ्यपुस्तकातील हायड्राचे ते भाईबंद. लहानशी पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती दंश करणाऱ्या शुंडकांचे कडे, एवढाच हा प्राणी. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन तो आपल्याखाली कॅल्शियम कार्बोनेटची वाटी रचतो. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चुन्यावर चुना चढत जातो. तेव्हा 'ठोकळा' ही खेळातील कल्पना अगदीच चुकीची नाही. फक्त खऱ्या ठोकळ्यात जिवंत असतो तो वरचा पातळ थर. वेग मात्र बोटाच्या एका टिचकीचा नाही. गोलसर वाढणाऱ्या प्रवाळांची जाडी वर्षाला जेमतेम एखाद्या सेंटिमीटरने वाढते. (खेळातील लाल 'अग्निप्रवाळ' शास्त्रीय वर्गीकरणात खरे प्रवाळ नव्हेतच, पण ते असो.)

आता रंगाकडे वळू. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. तपकिरी-सोनेरी छटा त्यांची, आणि त्यात प्रवाळाच्या स्वतःच्या रंगद्रव्यांची भर. समुद्राचे पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याहूनही अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. शैवाले बाहेर टाकली जातात आणि पारदर्शक झालेल्या देहातून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. या अवस्थेत प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेत निवले तर शैवाले परत वस्तीला येतात. नाही निवले तर प्रवाळ मरते, सांगाड्यावर इतर शैवाळ आणि गाळ चढतो, आणि तो मळकट करडा होतो.

म्हणजे खेळातील करडा रंग खरा आहे, पण त्याआधीचा पांढरा टप्पा खेळाने गाळला आहे. माझ्या मते शिकवण्याजोगी गोष्ट नेमकी तीच, कारण वाचण्याची संधी त्याच टप्प्यात असते. शिवाय हे सारे भरल्या पाण्यात घडते. १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली तेव्हा त्यांच्याभोवती पाण्याची कमतरता नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले.

वर्गात एक प्रश्न हमखास येईल: गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांना लागणारा आपल्याकडचा चुनखडक प्रवाळांनीच बांधला का? नाही. तो समुद्रातच साठला, पण किमान ५४ कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा प्रवाळे अवतरलीच नव्हती. आजच्या प्रवाळभित्ती बांधणाऱ्या गटाचे वय सुमारे २४ कोटी वर्षे. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा चुना म्हणजे त्या प्राचीन समुद्राच्या तळाशी बसलेला बारीक गाळ. सिरोंचाकडे प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून ओळखल्या जाणाऱ्या थरांतही चुनखडक आहे. त्यात जुरासिक काळातील माशांचे जीवाश्म सापडतात, पण तो गोड्या पाण्यातला. चुनखडक दिसला की प्रवाळ, असे समीकरण मुलांनी मांडू नये.

महाराष्ट्रातील प्रवाळे पाहायची तर मालवणला जावे लागेल. तेथील सागरी अभयारण्य १९८७ चे. २००१ पासून भित्ती बांधणारी प्रवाळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ताडोबाच्या वाघाच्या पंक्तीला. तेव्हा शाळेच्या संग्रहासाठी किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणू नये.

प्रयोगाला त्याची गरजही नाही. धानाच्या बांधीतील गोगलगाईचा रिकामा शंख, अंड्याचे कवच आणि चुनखडकाचा खडा घ्यावा आणि प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. तिन्हींवर बुडबुडे येतात, कारण तिन्हींत कॅल्शियम कार्बोनेट आहे. अंड्याचे कवच रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले तर सकाळी मऊ पापुद्रा तेवढा उरतो. हवेतील वाढता कार्बन डाय-ऑक्साइड समुद्रात विरघळल्याने प्रवाळांना चुना रचणे जड जाते, हे येथे सांगता येईल. मात्र समुद्राचे व्हिनेगर झालेले नाही. त्याचे पाणी आजही किंचित अल्कधर्मी आहे, फक्त ते कमी होत चालले आहे. त्याच खड्याची पूड करून पुन्हा थेंब टाकावेत. बुडबुडे या वेळी जोरात का आले, हे मुलांनाच विचारावे.