चंद्रग्रहणाचें छायाचित्र

चंद्रग्रहण पाहण्यास साधन असें कांहींच लागत नाहीं. सूर्यग्रहणाप्रमाणें डोळ्यांस इजा होण्याची भीति नाहीं, काळी कांच नको, कीं दूरदेशचा प्रवासहि नको. गच्चीवर चटई टाकून पडलें म्हणजे झालें. अशा या सोप्या दर्शनाचें छायाचित्र घेणें मात्र फार अवघड जातें, आणि ज्यानें तें प्रथमच घेऊन पाहिलें त्याची बहुधा एकच तक्रार असते : डोळ्यांना दिसलें तें चित्रांत उतरलें नाहीं. या तक्रारीचा कॅमेऱ्याच्या किंमतीशीं फारसा संबंध नाहीं. डोळा आणि कॅमेरा यांच्या पाहण्यांतच मूळचा भेद आहे.

७ सप्टेंबर २०२५ रोजीं भारतांतून दिसलेलें खग्रास ग्रहण उदाहरणादाखल घ्यावें. पंचांगाच्या भाषेंत सांगावयाचें तर त्याचा स्पर्श रात्रीं ९ वाजून ५७ मिनिटांनीं, संमीलन ११ च्या सुमारास, उन्मीलन १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास आणि मोक्ष १ वाजून २६ मिनिटांनीं झाला. एकूण साडेतीन तास, आणि त्यांपैकीं ८२ मिनिटें चंद्र पृथ्वीच्या छायेंत सर्वस्वीं बुडालेला. स्पर्शापूर्वींचा पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हांत पडलेला एक प्रचंड दगडच होय. आय. एस. ओ. १०० व छिद्र एफ ११ ठेवून त्याचें चित्र सेकंदाच्या सुमारें सव्वाशेव्या भागांत निघतें. संमीलनानंतर तोच चंद्र साधारणपणें दहा हजार पटींनीं मंद होतो. एखाद्या ग्रहणांत याहूनहि कितीतरी अधिक. बाकी सर्व योजना तशीच ठेवली तर आतां भिंग ८० सेकंद उघडें ठेवावें लागेल. गच्चीवरच्या मंडळींना मात्र या उलथापालथीचा पत्ताहि लागत नाहीं. बाहुली रुंदावते, नेत्रपटल अंधाराला सरावतें, आणि पाहणारा म्हणतो, "चंद्र जरा तांबूस झाला."

खरी पंचाईत होते ती खंडग्रास अवस्थेंत. संमीलनाला दोन-चार मिनिटें उरलीं असतां चंद्राच्या कडेला प्रकाशाची एक बारीक कोर शिल्लक असते आणि उरलेलें बिंब तांब्याच्या रंगाचें दिसूं लागतें. डोळा हीं दोन्हीं एकाच वेळीं पाहतो. कॅमेऱ्याला तें साधत नाहीं. कोर नीट घ्यावी तर बिंब काळेंठिक्कर. बिंबाचा तांबूसपणा घ्यावा तर कोरेच्या जागीं पांढरा डाग, आणि त्याची झळाळी अर्ध्या चंद्रावर पसरलेली. दोन्हींपैकीं काय हवें हें छायाचित्रकारानें आधींच ठरविलें पाहिजे. यंत्रावर विसंबून राहिल्यास यंत्र भोंवतालचें काळें आकाश पाहून दृश्य फार अंधारें आहे असें समजतें, आणि चंद्राची पांढरी चकती करून ठेवतें.

पूर्ण ग्रासलेल्या चंद्रासाठीं ८० सेकंद थांबणें तर शक्यच नाहीं. पृथ्वी फिरत असल्यामुळें आकाशांत चंद्र दर दोन मिनिटांना आपल्या रुंदीइतका सरकतो. म्हणजे चार सेकंदांतहि तो रुंदीच्या तिसाव्या हिश्श्याइतका पुढें जातो. चंद्राचा व्यास सुमारें ३,४७४ किलोमीटर. तेव्हां चित्रांतील प्रत्येक बिंदु चंद्रावरील शंभराहून अधिक किलोमीटर फांसला जातो, आणि सुमारें ८५ किलोमीटर रुंदीचें टायकोचें विवर त्यांत हरवून जातें. म्हणून छिद्र मोठें करावें, आय. एस. ओ. १६०० पर्यंत वाढवावा, आणि एक-दोन सेकंदांत काम उरकावें. चित्र किंचित् दाणेदार निघालें तरी पत्करलें. आकाशाच्या गतीनें कॅमेरा फिरविणारें यंत्र ज्याच्यापाशीं आहे त्यास ही काटकसर नको. पण घरोघरीं तें कोठून असणार?

तिपाई भक्कम हवी, हें निराळें सांगावयास नको. बटण बोटानें दाबण्याऐवजीं दोन सेकंदांनीं आपोआप झडप उघडण्याची सोय वापरावी. भिंगाची जुळणी मात्र स्पर्शापूर्वींच, चंद्राच्या उजळ कडेवर हातानें करून ठेवावी. अंधारलेल्या बिंबावर ती आपोआप होत नाहीं, आणि भलत्या वेळीं भिंग पुढेंमागें घरंगळत राहतें. दमट रात्रीं भिंगावर दंव धरतें. चित्रें पुसट येऊं लागलीं कीं पुष्कळ जण यंत्राला दोष देतात. आधीं भिंग पाहावें.

येथपर्यंतच्या अडचणी सरावानें सुटणाऱ्या आहेत. रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ग्रासलेल्या चंद्रावर पडणारा तांबडा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणांतून वांकून, गाळून गेलेला असतो. पृथ्वीवर त्या घटकेला जेवढे सूर्योदय व सूर्यास्त चालले असतील त्या सर्वांचा तो उजेड. साहजिकच वातावरण जसें, तसा चंद्र. फ्रेंच ज्योतिषी आंद्रे दांजों यानें १९२१ मध्यें ग्रहणाच्या काळोखाची शून्यापासून चारपर्यंत एक मोजपट्टी घालून दिली. शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ अदृश्य, चार म्हणजे उजळ नारिंगी. १९६३ मध्यें बालींतील आगुंग ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच वर्षीं ३० डिसेंबरच्या ग्रहणांत चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला. जून १९९१ मध्यें फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा स्फोट झाल्यावर ९ डिसेंबर १९९२ चें ग्रहणहि असेंच काळवंडलेलें होतें.

आपोआप चालणारा कॅमेरा नेमकी हीच साक्ष पुसून टाकतो. चंद्र काळवंडला तर तो अधिक वेळ घेऊन त्यास उजळ करतो. तांबडा दिसला तर रंगाचा तोल सांवरण्यासाठीं तांबडेपणा कमी करतो. कांहीं फोन तर चंद्र ओळखून त्यावरील बारकावे आपल्या पदरचे घालतात. चित्र देखणें होतें, पण त्यावरून ग्रहण कसें होतें हें कळत नाहीं. म्हणून रंगाचा तोल दिवसाच्या उजेडाचा ठेवून तो बदलूं नये, आणि प्रत्येक चित्राची वेळ, सेकंद, छिद्र व आय. एस. ओ. वहींत टिपून ठेवावेत. अशीं दोन निरनिराळ्या ग्रहणांचीं चित्रें शेजारीं ठेवलीं तरच तुलना करतां येते.

चित्रें जोडणें सरसकट वाईट आहे असें मात्र नव्हे. स्पर्शानंतरचें, मध्याचें आणि मोक्षापूर्वींचें अशीं तीन चित्रें ताऱ्यांच्या संदर्भानें आपापल्या जागीं मांडलीं तर छायेची वर्तुळाकार कड स्पष्ट उमटते, आणि ती छाया चंद्राच्या अडीच पटींहून थोडी मोठी आहे हें पट्टीनें मोजतां येतें. हीच गोल कड पाहून ॲरिस्टॉटलनें पृथ्वी गोल असल्याचें प्रतिपादन केलें होतें. उलट, सप्टेंबर २०२५ च्या त्या रात्रीं ग्रहणमध्याला महाराष्ट्रांत चंद्र आकाशांत बराच उंच होता. दूरच्या किल्ल्याच्या बुरुजाला टेकलेला तांबडा चंद्र दाखविणारें त्या रात्रीचें चित्र जुळविलेलें आहे असें खुशाल समजावें.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीं भारतांतून पुन्हां खग्रास ग्रहण दिसेल. संमीलन पावणेदहाच्या सुमारास, उन्मीलन अकराला कांहीं मिनिटें कमी असतांना. भाद्रपदांतल्यासारखी ढगांची धास्ती त्या दिवसांत नसते. शहरांत नववर्षाच्या आतषबाजीचा धूर मात्र असणार, तेव्हां कॅमेरा घेऊन गांवाबाहेर जाणें बरें.