नंबर लागेल का?

सांगलीजवळच्या कुपवाडला एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. वर्षातले अकरा महिने तिथं आधार कार्डाच्या प्रती, वीजबिलं आणि सातबारा निघतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडतो. बारावी झालेली मुलं, त्यांचे आईवडील, एखादा मामा, आणि प्रत्येकाच्या हातात पावसापासून जपलेली प्लास्टिकची फाइल. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालो. त्या दिवसांत दुकानदार मला आतल्या खुर्चीवर बसवतो. "सर, टायपिंग मी करतो, तुमी नुसतं पोरांशी बोला," म्हणतो.

२०२५ च्या जुलैअखेर मी तिथं बसलो होतो. या दिवसांत सांगलीकरांच्या मोबाइलवर दोन आकडे फिरत असतात. एक आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आणि दुसरा गेल्या वर्षीचा कटऑफ. दुकानात शिरणारा प्रत्येक जण फाइल टेबलावर ठेवायच्या आधीच विचारतो, "सर, नंबर लागंल का?" कुठं, कशाला, हे नंतर. आधी नंबर.

एका दुपारी फौंड्रीत काम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. त्यांची दुसरी पाळी होती, तीनच्या आत जायचं होतं. मुलीला सीईटीत ९४.३१ पर्सेंटाइल. "सर, चौऱ्याण्णव म्हंजे चांगलंच की. मग वालचंदला लागायला काय हरकत?" ते म्हणाले.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के समजायचा हा घोटाळा घरोघरी होतो. सीईटी २०० गुणांची असते. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, आणि उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. पण कागदावर येतो तो गुणांचा आकडा नसतो. परीक्षा अनेक पाळ्यांत होते, प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका वेगळी. म्हणून आपल्या पाळीतल्या शंभरातले किती जण आपल्या बरोबरीला किंवा मागं आहेत, एवढंच पर्सेंटाइल सांगतं. मी कागदावर हिशेब मांडला. तीन लाख मुलं परीक्षेला बसली असं धरलं, तर ९४.३१ वाल्याच्या पुढं साधारण सतरा हजार जण उभे असतात. सतरा हजार म्हटल्यावर त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

मुलगी मात्र शांत होती. ती म्हणाली, "पप्पा, ते सगळे काय विश्रामबागला येणार नाहीत."

ती बरोबर बोलली होती. त्या सतरा हजारांतला एखादा मुंबईबाहेर पाऊलसुद्धा टाकणार नाही, एखाद्याला कॉम्प्युटरशिवाय काही नको, कुणी आयआयटीत जाईल, कुणी नागपूरचं घर सोडणार नाही. आपला नंबर लागेल का, हे आपल्या मेरिट नंबरावर जेवढं ठरतं तेवढंच पुढं उभे असलेल्यांच्या इच्छेवरही ठरतं. त्या इच्छा आपल्याला दिसत नाहीत. गेल्या वर्षीचा कटऑफ म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलांच्या इच्छांचा ठसा. पावसाचा अंदाज बांधायला तो उपयोगी, पाऊस पाडायला नाही.

विश्रामबागचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय कुपवाडपासून हाकेच्या अंतरावर. १९४७ साली धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावानं ते सुरू केलं, १९५५ मध्ये वालचंद हिराचंदांचं नाव त्याला मिळालं आणि २००७ मध्ये ते स्वायत्त झालं. कुपवाडची मुलं शाळेच्या बसमधून, वडिलांच्या मोटरसायकलवरून ते फाटक बघत मोठी होतात. म्हणून इथं 'नावाजलेलं कॉलेज' असं कुणी म्हणत नाही. 'वालचंद' म्हणतात, त्यात सगळं आलं. त्याच्या वर फक्त पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय. सीओईपी १८५४ चं, व्हीजेटीआय १८८७ चं. कटऑफच्या यादीत कॉलेजच्या नावासोबत कोड असतो. दुकानदाराला ते तोंडपाठ आहेत. ६००७ म्हणजे वालचंद. वर्षभर जो वीजबिलाचे ग्राहक क्रमांक टाइप करतो, तो या आठवड्यात कोड म्हणताना आवाज जरा खाली आणतो.

कटऑफचं पान वाचणं हे वेगळंच काम आहे. जागांच्या प्रकारांची नावं इंग्रजी अक्षरांच्या लांबलचक माळांची. पहिलं अक्षर जी असलं तर जागा सर्वांसाठी, एल असलं तर मुलींसाठी. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असलं तर आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी, ओ असलं तर बाहेरच्यांसाठी, एस असलं तर सबंध राज्यासाठी. या मुलीचा प्रवर्ग ओबीसी. वडिलांची समजूत अशी की ओबीसी लिहिलं की खुल्या जागेवरचा हक्क गेला. तसं नसतं. खुली सर्वसाधारण, खुली मुलींची, ओबीसी सर्वसाधारण, ओबीसी मुलींची अशी चार दारं तिच्यासाठी उघडी असतात. मी बोटानं चार रकाने दाखवले, तेव्हा त्यांनी ते परत एकदा स्वतः मोजले.

पण दारं उघडी राहतात ती कागदांवर. जातीचा दाखला, जात पडताळणीची व्हॅलिडिटी, पुढच्या ३१ मार्चपर्यंत मुदत असलेलं नॉन-क्रिमिलेअर. त्याच्या दोन वर्षं आधी याच खुर्चीसमोर एक मुलगा बसला होता. व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती होती, प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, आणि तो खुल्या गटात गणला गेला. प्रवर्गातून लागलेली जागा त्याच्या डोळ्यांदेखत गेली. तो हुशार होता, मेहनती होता, यातलं काहीच त्या कागदाची जागा घेऊ शकलं नाही. त्या दिवसापासून मी अकरावीत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना व्हॅलिडिटीचं विचारतो. लोकांना वाटतं सरांना दुसरा विषय नाही. वाटू दे.

मग खरं काम सुरू झालं, ते म्हणजे क्रम. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, पण सगळा जीव पहिल्या दहांत असतो. मुलीनं वहीत यादी करून आणली होती. एक, सीओईपी इलेक्ट्रिकल. दोन, वालचंद इलेक्ट्रिकल. तीन, कराडचं सरकारी कॉलेज, तिथंही इलेक्ट्रिकल. मग वालचंदचं इलेक्ट्रॉनिक्स, राजारामनगरचं आरआयटी, कोल्हापूरचं केआयटी, बुधगाव.

वडिलांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कशाला? क्लासवाले म्हणाले, मिळतंय ते वर टाका. उगंच पुण्याचं वर टाकलं आन् वालचंद बी गेलं तर?"

ही भीती मी हजारदा ऐकली आहे, आणि ती निराधार आहे हे सांगताना दर वेळी मला घाई होते, कारण या भीतीपोटी मुलं आपल्या हातानं आपल्या जागा सोडतात. मी कोऱ्या कागदावर रांग काढली. एक नंबरचा मुलगा आत येतो, त्याची यादी वरून खाली वाचली जाते, पहिली रिकामी जागा त्याची. मग दोन नंबर. असं करत तुमच्या मुलीची पाळी येते. सीओईपीत जागा आहे का? नसेल, खाली. वालचंदला आहे का? सीओईपी वर लिहिलं म्हणून वालचंदच्या दारात तिचा नंबर मागं सरकत नाही, कारण तिच्या मागचा कुणी तिच्या आधी आत येतच नाही. ज्या पर्यायाला नंबर लागत नाही, तो फुकट. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेशांवर एक छोटासा लेख लिहिला. विद्यार्थी आणि कॉलेजं यांच्या पसंतीच्या याद्या अशा जुळवता येतात की नंतर मिळालेलं सोडून एकमेकांकडं जावंसं दोघांनाही वाटेल, अशी विद्यार्थी-कॉलेजची जोडी उरत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. पन्नास वर्षांनी, २०१२ मध्ये, शॅप्लींना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गणितातलं इतकं सुंदर काही कुपवाडच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज उपयोगी पडतं, याचा मला फार आनंद होतो.

तरी एक गाठ त्या वर्षी नवी होती. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागणार, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. मिळूनही घेतला नाही तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे वरच्या ओळींत शोभेचं नाव चालत नाही. मी वडिलांना विचारलं, "समजा, पुण्याचं लागलंच. पाठवणार का?"

ते गप्प झाले. मुलगीही स्क्रीनकडं बघत राहिली. फीचा प्रश्न बराचसा सुटला होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण हॉस्टेल, मेस, येणं-जाणं हे राहतंच. ते बाहेर गेले, पत्र्याखाली उभं राहून फोनवर बोलले. घरी विचारत असावेत. आत आले, रुमालानं डोकं पुसलं. "पाठवतो. राहू द्या वर."

मग त्यांनी दुसरी अडचण काढली. सगळीकडं इलेक्ट्रिकलच का? शेजारच्या पोरानं कॉम्प्युटर घेतलं, दोन वर्षांत गाडी आली. बुधगावला, आष्ट्याला कॉम्प्युटर मिळेल, घरून जाता येईल. ते वालचंदच्या इलेक्ट्रिकलच्या वर टाकू या. यात चूक काहीच नव्हती. जो माणूस बारा-बारा तास भट्टीसमोर उभा राहतो, त्यानं मुलीसाठी थंड खोली मागावी यात गैर काय? आणि शाखा मोठी की कॉलेज मोठं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ते गणितात बसत नाही.

मी मुलीला विचारलं, इलेक्ट्रिकलच का?

ती आधी वडिलांकडं बघून लाजली. मग म्हणाली, नववीत असताना खंडेनवमीला पप्पांनी तिला कारखान्यात नेलं होतं. तिथली इंडक्शन भट्टी तिनं पाहिली. तांब्याच्या कॉइलमध्ये ठेवलेलं भंगार लोखंड वितळतं, कॉइल मात्र तशीच राहते. जाळ कुठंच नाही. तांबं तर लोखंडाच्या कितीतरी आधी वितळायला हवं. तिनं तेव्हा विचारलं होतं, आणि तिथल्या कुणी सांगितलं, आतून पाणी सोडलंय. "पण उष्णता लोखंडातच कशी तयार होते, ते अकरावी-बारावीत अर्धंच कळलं," ती म्हणाली.

दुकानदारानं माउसवरचा हात काढला. बाहेर पुढचे दोघं चपला काढून उभे होते. वडिलांनी घड्याळ बघितलं, पावणेतीन झाले होते, आणि यादीवरून बोट फिरवत ते दुसऱ्या ओळीवर थांबले.

"सर," ते म्हणाले, "ते कॉइलचं वालचंदला नीट शिकवत्यात का?"

"शिकवतात," मी म्हटलं.

"मग हाय तसंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि मुलीनं कन्फर्म दाबलं.